धंद्याचं चित्र काढताना 'कधी' कुठे लिहायचं?

मृगबहार

नमस्कार मंडळी,

मे-जूनमधले सात आठवडे मी व्हिएतनाम, सिंगापूर आणि जपानमध्ये होते. काम तेच, जे नागपुरात अकरा वर्षं करतेय: लहान धंदेवाल्यांना एकत्र बसवून आपापला धंदा मोठ्या कागदावर काढायला लावायचा. तिकडे काही ठिकाणी शिकवलं, बऱ्याच ठिकाणी नुसतीच चर्चा झाली. परत आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. लांबलाय, सवडीने वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी तक्त्याविषयी. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांनी इव्ह पिन्यूर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली, २००४ साली. त्या कामातून पुढे नऊ रकान्यांचा बिझनेस मॉडेल कॅनव्हास आला, जो आज कोणीही फुकट वापरू शकतं. उजवीकडे गिऱ्हाईक कोण, त्याच्याशी नातं कसं, माल त्याच्यापर्यंत पोचतो कसा. मधोमध, आपण त्याला नेमकं काय देतो. डावीकडे रोजची कामं, त्यासाठी लागणारी साधनं, आणि ज्यांच्यावाचून आपलं अडतं ती माणसं. तळाशी दोन रकाने, एकात खर्च आणि एकात आवक. कागद भिंतीला लावायचा, चिठ्ठ्या चिकटवायच्या, उभं राहून बोलायचं. बस एवढंच.

मला हा तक्ता मनापासून आवडतो. तरीही चार वर्षांपूर्वीची एक गोष्ट मनात सलते. माझ्या वर्गात डबे पुरवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांचा तक्ता आजवरच्या माझ्या वर्गांतला सगळ्यात नेटका. एका मोठ्या ऑफिसला रोज चाळीस डबे जायचे. 'आवक' रकान्यात ठसठशीत चिठ्ठी होती: चाळीस डबे, महिन्याचं बिल. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. सहा महिन्यांत त्यांनी काम बंद केलं. गिऱ्हाईक खरं होतं, जेवण चांगलं होतं, भाव बरोबर होता. फक्त बिल तीन-तीन महिने अडकायचं आणि किराणेवाला दर आठवड्याला पैसे मागायचा. पैसा कुठून येतो, हे तक्त्याने विचारलं होतं. कधी येतो, हे तक्त्याने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता कॅन थो. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातलं हे मोठं शहर, हो ची मिन्ह सिटीहून बसने साडेतीन-चार तास. तिथला 'काय रांग' नावाचा तरंगता बाजार बघायला माझ्या वर्गातल्या दोन मुली मला पहाटे पाचला होडीतून घेऊन गेल्या. घाऊक बाजार आहे तो, मोठ्या होड्यांवरून छोट्या होड्यांवाले माल घेतात. प्रत्येक मोठ्या होडीवर एक उंच बांबू. बांबूला जे टांगलंय ते त्या होडीत विकायला आहे. एकीवर तीन अननस, एकीवर कोबी आणि रताळी एकाखाली एक. पाटी नाही, ओरडणं नाही. इंजिनांच्या आवाजात ओरडून ऐकू तरी कोणाला येणार?

मग त्या मुलींनी अपवाद सांगितले. कपडे टांगलेले दिसतात पण ते विकायचे नसतात, होडीवर राहणाऱ्यांचं धुणं असतं ते. खाण्याच्या आणि चहा-कॉफीच्या होड्या काहीच टांगत नाहीत आणि तरी विकतात. आणि एखाद्या बांबूला झावळी बांधलेली दिसली, तर झावळी विकायची नसते, होडीच विकायची असते.

त्या झावळीपाशी मी थबकले. एक पान, आणि त्या घराची सगळी परिस्थिती नदीभर कळते. रकाने नाहीत, शब्द नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तक्ता लावलाच नाही. प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुमच्या बांबूला काय टांगाल ते काढा. अर्ध्या तासात जे पुढे आलं ते रकाने भरायला लावून दोन दिवसांत येत नाही. मच्छीसॉस विकणाऱ्या एकीने बाटली काढलीच नाही, एक रिकामं मडकं काढलं. तिचा माल मुरायला वर्षभर लागतं. वर्षभर मडकी भरलेली आणि हात रिकामे, हेच तिच्या धंद्याचं खरं चित्र होतं. 'कधी' तिने पहिल्या रेघेतच काढलं होतं.

सिंगापूर-जपानबद्दल थोडक्यात. तिकडच्या वर्गात मोठ्यांच्या आधी कोणी तोंड उघडत नाही. तिथे जिरो कावाकिता यांची पद्धत उपयोगी पडली. हे जपानी मानववंशशास्त्रज्ञ, नेपाळात त्यांनी बरीच वर्षं काम केलं, १९८४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. फिरतीतल्या नोंदी एकेका चिठ्ठीवर लिहायच्या, पसरायच्या, जवळच्या वाटतील त्या जवळ आणायच्या, आणि नावं शेवटी द्यायची. आधी सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग बोलायचं. आपल्याकडे सगळे एकदमच बोलतात, पण नागपुरातही ही पद्धत तेवढीच कामाची आहे, कारण दहा मिनिटांच्या शांततेत सुनेची चिठ्ठीही सासऱ्याच्या चिठ्ठीशेजारी लागते.

परत आल्यावर पहिली गेले ती नागपुरातल्या मूर्तिकारांच्या चितार ओळीत. तिथल्या एका मूर्तिकार मावशींबरोबर गेल्या वर्षीपासून बसतेय. या वेळी तक्त्याखाली बारा महिन्यांची एक लांब पट्टी जोडली. मावशींनी कोळशाने काढलं. अक्षय तृतीयेच्या सुमारास मातीची गाडी. ज्येष्ठात शेडचं भाडं. आषाढात रंगाची उधारी. आणि पैसा? भाद्रपदातल्या चतुर्थीच्या आधीच्या आठ दिवसांत एक जाड काळा ठिपका. रंगाच्या दुकानाची परतफेड त्या ठिपक्याच्या बोटभर अलीकडे पडली होती. त्या बोटभर अंतरासाठी मावशी दरवर्षी व्याजाने पैसे उचलत होत्या. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं. पट्टीवर बोट ठेवून त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "एवढंच व्हय?"

या वर्षी त्यांनी मंडळांकडून आषाढातच तिसरा हिस्सा बयाणा मागितला. सगळ्यांनी दिला नाही, काहींनी दिला. रंगवाल्याला बुकिंगची वही दाखवली, त्याने मुदत चतुर्थीनंतर चार दिवसांवर नेली.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. आणि हा 'कधी' तुम्ही कुठे लिहिता?

केशरीभात

सुंदर लेख. झावळीचं वाचून अंगावर काटा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

इतवारीकर

ताई, छान लिहिलंत. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. आमची इतवारीत तीन पिढ्यांची धान्याची गादी. आजोबांच्या खातेवहीत प्रत्येक नोंदीला मिती, म्हणजे तिथी, असायची, आणि उधारीसमोर वायद्याची मिती वेगळी. दिवाळीला वहीपूजन झालं की आजोबा पहिली दोन पानं कोरी सोडून तिसऱ्यावर येणेकऱ्यांची नावं वायद्याच्या क्रमाने उतरवायचे, रकमेच्या क्रमाने नाही. म्हणजे 'कधी' आमच्याकडे पहिल्यापासून आहे. बाहेरचा तक्ता आणून त्याला पट्टी जोडण्यापेक्षा आपलीच वही मुलांना शिकवली तर?

मृगबहार

@इतवारीकर, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि 'रकमेच्या क्रमाने नाही, वायद्याच्या क्रमाने' हे मी आजच वहीत लिहून ठेवलं. शिकवताना वापरू ना? तुमच्या आजोबांची आठवण म्हणूनच सांगेन.

फरक एवढाच वाटतो, की वही घडून गेलेल्याची असते आणि गादीवरचा एकच माणूस ती वाचतो. मावशींकडे वही होतीच, त्यांच्या मुलीने नीट लिहिलेली. पण रंगाची उधारी एका पानावर, व्याजाचे पैसे दुसऱ्या, मंडळांची येणी तिसऱ्या. तिन्ही एका नजरेत कधी आली नव्हती. कागद भिंतीवर लागला की मुलगी, मावशी आणि मातीवाला तिघेही एकाच ठिकाणी बघतात. वही हवीच. चित्र तिच्या जागी आणायचं नाही, तिच्या शेजारी ठेवायचं.

ताळेबंद

मी सीए आहे, लहान उद्योगांचीच कामं बघतो. चिठ्ठ्या लावल्याने धंदा कळल्यासारखा वाटतो, ही माझी मुख्य काळजी. 'शहरातले सुशिक्षित ग्राहक' अशी चिठ्ठी लावून लोक कर्ज मागायला येतात. किती ग्राहक, एकाकडून किती, बदलते खर्च किती, बांधील खर्च किती, याचा हिशोब झाल्याशिवाय चित्राला अर्थ नाही. तुम्ही ज्याला पट्टी म्हणता, त्याला आम्ही रोख प्रवाह म्हणतो, आणि तो प्रत्येक प्रकल्प अहवालात लागतोच. दुसरं, लीन कॅनव्हास का वापरत नाही? नव्या धंद्यांना तो जास्त उपयोगी पडतो असं ऐकतो.

मृगबहार

@ताळेबंद, काळजी रास्त आहे. म्हणूनच माझ्या वर्गात चिठ्ठ्या दोन रंगांच्या असतात. पिवळी म्हणजे मला वाटतं, हिरवी म्हणजे मी जाऊन विचारलं, मोजलं. पहिल्या दिवशी सगळा तक्ता पिवळा असतो आणि तसाच असायला हवा. 'शहरातले सुशिक्षित ग्राहक' ही चिठ्ठी हिरवी करून आण म्हटलं, की माणूस धरमपेठेत चार दुकानांत फिरून येतो आणि ती चिठ्ठी स्वतःच काढून टाकतो. रोख प्रवाहाचा तक्ता तर हवाच. पण तो बहुतेकदा बँकेसाठी दुसऱ्या कोणीतरी भरलेला असतो. मावशींच्या कर्जाच्या फाइलमध्येही तो होता. त्यांनी स्वतः कोळशाने काढला तेव्हा तो त्यांचा झाला.

लीन कॅनव्हास अॅश मौर्य यांचा. त्यांनी मूळ नऊपैकी चार रकाने बदलले. भागीदार, कामं, साधनं आणि ग्राहकाशी नातं काढून त्या जागी अडचण, उपाय, मोजमाप आणि दुसऱ्याला सहज न उचलता येणारी गोष्ट आणली. ज्याला अजून गिऱ्हाईकच सापडायचं आहे, त्याला तो चांगला. पण माझ्याकडे येणाऱ्यांचा धंदा वीस-वीस वर्षांचा असतो आणि तो चालतोच मुळी अडत्या, रंगवाला, मातीवाला यांच्यावर. त्यांचा रकानाच काढला, तर काय उरलं?

सिंगापुरी_नागपूरकर

सोळा वर्षं इथे आहे. तुम्ही इथल्या हॉकर सेंटरांबद्दल काहीच लिहिलं नाहीत याचं वाईट वाटलं. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने १९७० च्या दशकापासून बांधलेल्या केंद्रांत आणलं, पाणी-गटार-ओटे दिले. २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत इथली हॉकर संस्कृती आली. एका ठेल्यावर एकच पदार्थ, तोच चाळीस वर्षं. माझ्या घराखालच्या आजोबांच्या ठेल्यावर फक्त फिशबॉल नूडल्स. त्यांचा तक्ता काढला तर 'साधनं' या रकान्यात सगळ्यात मोठी गोष्ट सरकारने बांधलेला ओटा येईल. सीताबर्डीच्या फेरीवाल्याच्या तक्त्यात तो रकाना रिकामा राहतो, आणि त्या रिकाम्या जागेची किंमत तो रोज मोजतो. कौशल्य दोघांचं सारखंच असतं.

मृगबहार

@सिंगापुरी_नागपूरकर, हे मी लिहायलाच हवं होतं. रिकामा रकानाही काहीतरी सांगतो, हे वर्गात नक्की घेईन.

हायवे४४

आमचा वाहतुकीचा व्यवसाय आहे. जपानबद्दल अजून लिहा ना. तिथे व्यापाऱ्यांशी बोलणं झालं का?

मृगबहार

@हायवे४४, तुमच्यासाठी तर खास गोष्ट आहे. बिवा तळ्याकाठच्या शिगा प्रांताचं जुनं नाव ओमी. तिथले व्यापारी खांद्यावर कावड घेऊन देशभर पायी फिरत. त्यांची दोन सूत्रं आजही सांगतात. एक, विकणाऱ्याचं भलं, घेणाऱ्याचं भलं आणि समाजाचं भलं. तिसरं भलं नऊ रकान्यांत कुठेच बसत नाही. तिथल्या एका वयस्कर दुकानदाराने माझ्या तक्त्याभोवती सरळ एक चौकट काढली आणि तिच्यावर 'गाव' लिहिलं. मी आता तशीच काढते.

दुसरं सूत्र तुमच्या कामाचं. त्याला ते करवतीचा व्यापार म्हणतात. करवत जाताना कापते तशी येतानाही. गावचा माल घेऊन जायचं, तो विकून तिकडचा माल घेऊन यायचं. कावड एकाही फेरीला रिकामी नाही.

हायवे४४

वा! आमचं अख्खं दुखणं एका वाक्यात सांगितलंत. नागपूरला ४४ आणि ५३ दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात, म्हणून लोकांना वाटतं इथल्या गाडीला भाडं कधीही मिळतं. संत्र्याच्या हंगामात कळमन्याच्या बाजारातून गाडी भरून जाते, भाडं चांगलं मिळतं. परतीचा माल मात्र नशिबावर. तिकडे दोन-दोन दिवस गाडी उभी. ड्रायव्हरचा भत्ता, गाडीचा हप्ता चालूच. मी आजवर धंदा नेहमी 'नागपूर ते तिकडे' असाच मांडला. आज परतीचा वेगळा तक्ता काढून बघतो. त्यात गिऱ्हाईकच वेगळं येतंय.

काटोलचा_बागवाला

ताई, मी काटोलकडचा. सहाशे झाडं हायेत संत्र्याची. तुमचं वाचून पोरानं मोठा कागद आनला, आमी रात्री बसलो. पहिल्याच रकान्यात अडकलो. गिराईक कोन? पोरानं लिवलं दिल्ली, कोलकाता, बांगलादेश. मी म्हनलं, बाप्पा, यातल्या एकानं बी मले आजवर पैसे देल्ले नाही. मी त बहार झाडावरच विकतो. व्यापारी येते, बाग फिरून पाह्यते, इसार देते, पुढचं तो जाने. मंग माझं गिराईक व्यापारी का खानारा?

मृगबहार

@काटोलचा_बागवाला, दादा, हा प्रश्न मोठमोठ्या वर्गांत कोणी इतका स्वच्छ विचारत नाही.

दोघंही गिऱ्हाईक, पण दोन वेगळ्या कागदांवर. पहिल्यावर तुम्ही आणि व्यापारी. तिथे तुम्ही संत्री विकत नाही, नीट बघा. तुम्ही उभी बाग विकता, म्हणजे तोड, छाटणी, गाडी, बाजारभाव ही सगळी जोखीम व्यापाऱ्याकडे देता आणि त्याबदल्यात कमी भाव घेता. हा सौदा वाईटच असतो असं नाही. ज्याच्याकडे तोडीला माणसं नाहीत, त्याला तो परवडतो. दुसऱ्या कागदावर व्यापारी आणि बाजार. तो कागद तुमचा नाही, पण तोही काढा, कारण त्यावर पडलेला दगड तुमच्या कागदावर येऊन आदळतो. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, तेव्हा तुमची बाग तीच होती, फळ तेच होतं, आणि भाव पडला.

आता पट्टी जोडा. संत्र्याचे बहार दोन: आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची पावसाच्या सुरुवातीला. ताण कधी दिला, म्हणजे पाणी कधी तोडलं, परत कधी सोडलं, खत, फवारणी, फळगळ, सगळं महिन्यावर टाका. त्यावर लाल चिठ्ठीने इसार आणि बाकी रक्कम. कागद पुरला नाही तर जोडा.

चंद्रभागा

वाचतेय. आमच्याकडे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं काम आहे, महिन्यांची पट्टी आजच काढली. लग्नसराईच्या आधीचे चार महिने पूर्ण कोरे निघाले. लिहीन सविस्तर.

ताळेबंद

@मृगबहार, दोन रंगांच्या चिठ्ठ्यांची पद्धत उचलतोय. माझ्याकडे येणाऱ्यांना यापुढे आधी पट्टी स्वतः हाताने काढून आणायला सांगणार, मग मी आकडे घालीन. उलट क्रमाने करत होतो इतकी वर्षं.

काटोलचा_बागवाला

ताई, चार दिवसांनी लिवतो, पोळ्याच्या गडबडीत राहून गेलं.

तुमी सांगतलं तसं केलं. पट्टी भिंतीले लावली, सात हात झाली. मी इसाराची लाल चिठ्ठी लावली, बाकी पैशाची लावली. मले वाटलं झालं. घरची सगळं मुकाट पाहून राहिली व्हती. मंग उठली अन् एक चिठ्ठी लिवून ठेवली मधात: 'तोड कधी?'

मी म्हनलं, व्यापारी करते त्याच्या सोयीनं. थे म्हने, तेच त. इसार घेतल्यावर पानी आपनच देतो, राखन आपनच करतो, टेकू आपनच लावतो. भाव चढाची वाट पाहून तो महिनाभर तोड लांबवते, तवा त्या महिन्याची राखन कोन्या रकान्यात हाये? अन् फळ झाडावर जास्त दिवस राह्यलं का पुढच्या बहाराले झाड थकते, तो खर्च कोनाचा? पोरानं मोजलं. मांगच्या साली पस्तीस दिवस तोड लांबली व्हती. कोनाच्या ध्यानात बी नव्हतं.

काल व्यापारी आला. बागेत फिरला, भाव बोलला. मी म्हनलं, भाव ठीक हाये, पन इसाराच्या पावतीवर तोडीची तारीख लिवा, अन् तारखेच्या पुढं गेलं त रोजची राखन तुमच्याकडं. असं त्याले कोनी म्हनलं नसन. भिंतीवरच्या कागदाकडे पाहत राह्यला. म्हने, सेठले इचारून सांगतो.

अजून फोन आला नाही. इसार घेतला नाही. थे चिठ्ठी तशीच लावून ठेवली हाये.